फक्त प्रदर्शनासाठी

लिहायला बसलो आहे, पण आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मराठी हा माझा मुख्य विषयही नाही. कॉलेजातल्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्याबद्दल सगळे बोलतात. एकदा तू बोल." बरेच दिवस टाळलं. माझी बोटं फार वेळ पेन धरत नाहीत, म्हणून हे मी फोनला सांगतो आहे आणि फोन टाइप करतो आहे. मी 'सांधे' म्हटलं की तो 'सांगे' लिहितो. सापडल्या तेवढ्या चुका दुरुस्त केल्या आहेत. राहिल्या त्या माझ्या समजा.

दादरच्या एका शाळेचा हॉल. दिवाळीतली रांगोळी स्पर्धा आणि प्रदर्शन. मी अकरावीत होतो.

माझी रांगोळी खिडकीजवळच्या चौकटीत होती. फेटेवाला म्हातारा. रांगोळी प्रदर्शनात सुरकुत्यांचा एक तरी म्हातारा असतोच. त्या वर्षी तो माझा होता. दोन दिवस पडून काढलेला. पडून म्हणजे खरोखरच पडून. माझे गुडघे पुरते वाकत नाहीत, म्हणून मी खाली गोधडी घालून कुशीवर झोपतो आणि तसाच रंग सोडतो. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलंय असं मला दाखवायचं होतं. ते जमलं असं मला वाटत होतं. नक्की माहीत नव्हतं. ते कुणीतरी सांगावं म्हणूनच तर स्पर्धेत उतरलो होतो.

निकालाच्या दिवशी सकाळी गेलो. प्रत्येक चौकटीपुढे स्पर्धक क्रमांकाचा कागद. माझ्या चौकटीपुढे पुठ्ठ्याची पाटी. 'फक्त प्रदर्शनासाठी.' आणि खाली, नक्षी काढून, 'प्रेरणास्थान'.

मला वाटलं पाटी चुकून आली. आयोजक काका तिथेच होते. खादीचा झब्बा, गळ्यात ओळखपत्र. मी म्हटलं, "काका, मी स्पर्धेत नाव दिलं होतं."

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, तुला नंबरात कशाला धरायचं? तू नंबरांच्या वरचा आहेस."

एवढं गोड बोलणाऱ्या माणसाला काय उत्तर देणार?

मग परीक्षक आले. एकेका चौकटीपाशी थांबत, वाकून बघत, काहीतरी लिहीत. माझ्यापाशी आले. वाकले. म्हाताऱ्याच्या डोळ्याकडे बघतायत असं वाटलं. मग त्यांनी पाटी वाचली. सरळ झाले, माझ्याकडे बघून हसले, हात जोडले आणि पुढे गेले. पुढच्या चौकटीपाशी पुन्हा लिहायला लागले.

ते हात जोडणं मला अजून आठवतं. शिवी दिली असती तर विसरलो असतो.

आमच्या काळाचौकीच्या चाळीतला सच्या माझ्याबरोबर होता. त्यानं हॉलभर नजर फिरवली. भिंतीवर बाण काढून पाट्या लावल्या होत्या. तो मोठ्यानं वाचायला लागला, "पिण्याचे पाणी. स्वच्छतागृह. प्रेरणास्थान. काय रे, तुझ्याकडे रांग कुठून लावायची?"

मी हसलो. त्या दिवसात तेवढंच हसलो.

दुपारी कार्यक्रम. प्रमुख पाहुण्या म्हणून एक बाई आल्या होत्या. चांगल्या होत्या, वाईट नव्हत्या. मला वर बोलावलं. शाल घातली, नारळ दिला. नारळ धरता येईना म्हणून तो माझ्या दोन मनगटांमध्ये ठेवला. मग बाईंना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी नारळ काढून घेतला, माझा उजवा हात धरला आणि वर उचलला. "हा हात बघा!" म्हणाल्या. "ही वाकडी बोटं बघा! आणि आपण धडधाकट माणसं तक्रारी करतो!"

माझा खांदा तेवढा वर जात नाही. खांद्यापासून मानेपर्यंत कळ गेली. डोळ्यांत पाणी आलं. हॉल टाळ्या वाजवत होता. कुणीतरी म्हणालं, "गहिवरला बिचारा."

फोटो आणि व्हिडिओ आले ते हाताचे. ग्रुपवर फिरले, चाळीत आले, आमच्या नातेवाइकांत गावापर्यंत गेले. म्हातारा एकाही फोटोत नव्हता. संध्याकाळी हॉल रिकामा करायचा म्हणून सगळ्या रांगोळ्या पुसल्या. ते मला चालतं. रांगोळी पुसण्यासाठीच असते. पण बघण्यासाठीही असते ना.

घरी आलो. आई लालबागला पोळीभाजी केंद्रात कामाला आहे, ती नुकतीच आली होती. म्हणाली, "नंबर कितवो इलो?"

"नंबर नाही. सत्कार केला."

"म्हंजे जेवण नाय, नुसतो वास." तिनं शाल उलटीसुलटी करून बघितली. "बरी आसा. उशीक होईत."

आता आजाराचं सांगायला हवं. थोडक्यात सांगतो, मला त्याचा कंटाळा आहे. लहानपणी बोटं सुजायला लागली. मग मनगटं, गुडघे. चाळीतले म्हणायचे, संधिवात म्हाताऱ्यांना होतो, पोराला कसा होईल, ह्याला शाळा चुकवायची आहे. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, मुलांनाही होतो. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी तोंड सुजलं. शाळेत नाव पडलं, लाडू. सकाळी उठतो तेव्हा हात दगडासारखे असतात. गरम पाण्यात बुडवून ठेवायचे, मग हळूहळू माझे होतात. अजून तसंच आहे. उद्याही तसंच असेल.

रांगोळी शिकलो ती नंदूदादाकडून. तो आमच्याच मजल्यावर राहतो, दिवसा कुरियर पोचवतो, सणावारी मोठ्या रांगोळ्या काढतो. मी गॅलरीत बसून त्याच्याकडे बघायचो. एकदा तो म्हणाला, "नुसता बघतो काय, ये काढ."

"मला चिमूट धरता येत नाही."

त्यानं माझा हात बघितला. हळहळला वगैरे नाही. "चिमूट होत नाय तर मूठ आहे ना? मुठीतनं सोड."

तेव्हापासून मी मुठीनं काढतो. करंगळीच्या बाजूला बारीक फट ठेवायची, तिथून रंगाची धार पडते. जाड धार आली की मूठ आवळायची. आवळताना दुखतं. मोठ्या जागेचा रंग भरायला चहाची गाळणी मनगटाला बांधतो आणि हलवतो. ही काही जादू नाही. सरावानं येतं. नंदूदादानं माझं कधी कौतुक केलं नाही. "ए, हा ओठ आहे का कांदाभजी? पूस." "हा कान कुणाचा घेतलास, हत्तीचा?" मी पुसायचो. पुन्हा काढायचो. ते दिवस मी आनंदात होतो, हे मला फार उशिरा कळलं.

कारण दादरनंतर सगळं बदललं. आमंत्रणं येऊ लागली. शाळा, मंडळं, सोसायट्या, एका बँकेच्या कर्मचाऱ्यांचं स्नेहसंमेलन. नंदूदादा म्हणाला, "जा रे. नाव होतंय. माझं कुणी नाव घेत नाय." त्याच्या आवाजात जरा वेगळं होतं काहीतरी. मग मीच त्याला बरोबर नेऊ लागलो, पण त्याला स्टेजवर कुणी बोलावलं नाही.

मी जायचो. छोटी रांगोळी काढायचो. लोक माझ्याभोवती गोल करून उभे राहायचे आणि माझ्या हाताकडे बघायचे. रांगोळी काय आहे हे बघायला कुणी खाली वाकायचं नाही. एकदा मी मुद्दाम कावळ्याला तीन पाय काढले. कुणीच काही बोललं नाही. एका काकूंनी डोळे पुसले.

मग मी बोलायचं. काय बोलायचं तेही ठरलेलं. इच्छाशक्ती. जिद्द. माझ्या नावाच्या बोर्डावर छापलेलं असायचं, 'दुर्धर आजारावर मात करणारा कलाकार.' मात. मी घरी येऊन रात्रीची गोळी घ्यायचो आणि तो शब्द आठवायचो. कुणी कुणावर केली होती? शाली वाढत गेल्या. आईनं उशा भरल्या, मग गाद्यांना खोळी केल्या, मग शेजाऱ्यांना वाटल्या. मी दमत चाललो होतो. शरीराचा थकवा मला ओळखीचा आहे. हा वेगळा होता. झोपून जात नव्हता.

मग आमच्याच कॉलेजचा वार्षिक महोत्सव. परळचं कॉलेज. त्यात रांगोळी स्पर्धा. मी नाव दिलं. सांस्कृतिक विभागाच्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "तू स्पर्धेत नको. मुलांवर अन्याय होईल. तुला हरवायला कुणाला आवडेल का? तुझा आपण विशेष सत्कार ठेवलाय."

"सर, हरलो तर हरू दे."

"असं निराश व्हायचं नाही," सर म्हणाले.

पाटी पुन्हा आली. या वेळी छापील, कॉलेजच्या चिन्हासकट.

कार्यक्रमाच्या आधी मी पडद्यामागे खुर्चीवर बसलो होतो. एक बाई शाळकरी मुलीला घेऊन आत आल्या. मुलीची बोटं बघितली आणि मला कळलं. तिला माझ्याच आजाराची सुरुवात होती, बोटं अजून वळलेली नव्हती, नुसती सुजलेली. बाई तिला म्हणाल्या, "बघ. हाच तो दादा. पाया पड."

मी म्हटलं, "नको, वाकू नकोस. दुखेल."

मुलीनं माझ्याकडे चमकून बघितलं. म्हणाली, "तुम्हाला पण दुखतं?"

"हो."

"आत्ता?"

"आत्ता पण."

तिनं आईकडे बघितलं. कुणीतरी आपल्या बाजूनं साक्ष दिल्यासारखं. मग विचारलं, "तुमच्या गोळ्या कधी बंद झाल्या?"

"बंद नाही झाल्या. सकाळीच घेतल्या."

बाई म्हणाल्या, "पण बाहेर लिहिलंय ना, आजारावर मात?"

"ते त्यांनी लिहिलंय, काकी."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आम्ही हिच्या थांबवल्यात. एवढ्याशा पोरीला किती द्यायच्या? म्हटलं, मन घट्ट केलं की होतं. तुमचा व्हिडिओ रोज दाखवते तिला."

मी म्हटलं, "काकी, मन घट्ट करा, पण गोळ्या बंद करू नका. मी मनानं बरा झालो नाही. मी बरा झालेलोच नाही. उद्या सकाळी हिला डॉक्टरांकडे न्या. नक्की न्या." त्या मान हलवत होत्या. मुलगी मात्र माझ्याकडे बघून हसत होती. मला वाटतं, आजवर मी कुणाला काही दिलं असेल तर तेवढंच. दुखतं म्हणून सांगितलं.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

स्टेजवर गेलो. दिवे. सूत्रसंचालन करणारी आमच्याच वर्गातली मुलगी, पाठ केलेलं बोलत होती, "शब्द अपुरे पडतात..." पाहुण्यांनी शाल उलगडली. माझी मान सवयीनं वाकायला लागली होती. मी ती सरळ केली.

"शाल नको," मी म्हणालो.

सूत्रसंचालिका माइकवर म्हणाली, "बघा, किती विनम्र!" टाळ्या.

मला खरंच हसू आलं. मग राग आला. आपण नको म्हटलं तरी ह्यांना ते नको ऐकूच येत नाही. मी तिच्याकडे हात केला. तिनं गोंधळून माइक दिला. धरता येईना, म्हणून दोन्ही मनगटांत पकडला.

"मी विनम्र नाही. मी नको म्हणतोय. बाहेर लिहिलंय की मी आजारावर मात केली. खोटं आहे. मी रोज गोळ्या घेतो, रोज दुखतं. मी रांगोळी काढतो. खाली आहे. चांगली आहे का वाईट आहे, मला माहीत नाही. कारण माझ्या रांगोळीपुढे पाटी लावतात आणि परीक्षक पुढे जातात. शाल नको. नंबरात धरा. नाहीतर सांगा, वाईट आहे म्हणून."

एवढंच बोललो. आता लिहिताना मोठं वाटतं. तेव्हा माइक घसरत होता.

टाळ्या नाहीत. एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाहुणे हातात शाल धरून उभे. सर पुढे आले, माइक घेतला आणि पुढचा कार्यक्रम पुकारला. समूहनृत्य.

नंतर जिन्यात सर म्हणाले, "तुमच्यासारख्यांना व्यासपीठ द्यायचं, आणि तुम्ही असं करायचं. जाण नाही."

तुमच्यासारख्यांना. मी पूर्ण जिना उतरेपर्यंत विचार करत होतो. आजारी लोकांना? काळाचौकीच्या पोरांना? पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या मुलाला? विचारलं नाही. जिना उतरायला मला वेळ लागतो, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ मिळाला. खाली पोचलो तेव्हा ठरलं होतं. ज्या दारावर माझ्यासाठी वेगळी पाटी आहे, त्या दारातून आत जायचं नाही.

आईला सांगितलं. ती चपात्यांचा डबा धूत होती. म्हणाली, "बरा केलंस. ठेवतलंस खंय? कपाट भरला." मग थोड्या वेळानं, पाठमोरीच, "तुझो हात त्या बायेन वर उचललो तो व्हिडिओ मी एकदाच बघितलंय, झिला. परत नाय बघितलंय."

हे तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं.

आमंत्रणं थांबली. नंदूदादाही काही दिवस बोलला नाही. त्याला वाटलं मी माज केला. मग एक दिवस दारात येऊन म्हणाला, "गिरगावात पाडव्याची स्पर्धा आहे. खुला गट. हिंमत असेल तर भर नाव. तिथे कोण तुझे लाड नाय करणार."

नाव द्यायला गेलो. टेबलावरच्या ताईंनी माझे हात बघितले. "अहो, वेगळा गट नाहीये आमच्याकडे."

"वेगळा नकोच."

"सकाळी सातला सुरू, दोनला बंद."

"मला सकाळी हात चालत नाहीत. मी अकराला येईन आणि दोनला उठेन."

"वेळ पुरेल?"

"नाही पुरणार."

त्यांनी जरा विचार केला आणि नाव लिहिलं. नंतर वाटलं, जास्तीचा वेळ मागायला हवा होता. बोर्डाच्या परीक्षेत मी लेखनिक घेतला, वेळ घेतला. तेव्हा लाज वाटली नव्हती. तो नियम होता, कुणाची दया नव्हती. दया आणि नियम यातला फरक मला कळत होता, पण त्या टेबलासमोर वेळ मागणं जमलं नाही. इतक्या वर्षांची सवय.

चाळीतले तावडे काका दुपारी गॅलरीत बनियनवर झोपतात, तोंड उघडं टाकून. ते काढायचं ठरवलं. पांढऱ्या जमिनीवर पांढरी बनियन. सुरकुत्यांच्या म्हाताऱ्यापेक्षा कितीतरी अवघड. काकांना विचारलं तर म्हणाले, "काढ, पण पोट जरा आत घे."

तीन तास कुशीवर पडून काढलं. कुणी गोल करून उभं राहिलं नाही. बाजूच्या चौकटीतली मुलगी एकदा म्हणाली, "दादा, पाय जरा तिकडे घ्या ना, माझ्या मोराला लागतील." मी घेतले. डाव्या कोपऱ्यात गॅलरीचा कठडा अर्धा राहिला. दोन वाजले. उठलो. म्हणजे दोघांनी उठवलं.

दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून हलता येईना. गुडघे टम्म. निकाल बघायला नंदूदादा गेला. मी छताकडे बघत पडून होतो. संध्याकाळ झाली तरी फोन नाही. आई दोनदा येऊन विचारून गेली. मनात म्हटलं, पुन्हा हात जोडून पुढे गेले असतील. पाटी नसली तरी पाटी असतेच.

मग फोन वाजला.

"पहिल्याच फेरीत उडालास," नंदूदादा म्हणाला.

"पूर्ण नव्हती म्हणून?"

"नाय. त्याचं काय बोलले नाय. परीक्षकांनी शेरा लिहिलाय. वाचू?"

"वाच."

"'सावली दोन बाजूंनी पडते. उजेडाचा अभ्यास नाही. बाद.' ऐकतोयस ना?"

मी मोबाइलमधले फोटो उघडले, ज्यांवरून काढलं होतं ते. काकांचा फोटो दुपारचा. कठड्याचा फोटो मी दुसऱ्या दिवशी सकाळी काढला होता. काकांची सावली भिंतीकडे, कठड्याची रस्त्याकडे. एकाच गॅलरीत दोन सूर्य. इतके दिवस त्या फोटोंकडे बघत होतो आणि दिसलं नव्हतं.

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणालो.

"मग आता?"

"पुढची स्पर्धा कधी आहे ते बघ. नाव देताना वेळ वाढवून मागायचा, तोंडी नाही, लिहून. नियमात बसवा म्हणायचं. आणि गट खुला."

"परत बाद झालास तर?"

"तर कशानं झालो ते लिहून घ्यायचं."